जे नंतर होईल ते

नाही, तुम्ही म्हणाल एका शब्दाने काय होतंय! मीसुद्धा म्हणायचो हो! उलट मीच सगळ्यांना सांगत फिरायचो, की एक शब्द इकडचा तिकडे झाला म्हणून काय आभाळ कोसळतंय का? कोसळतं! तुम्हाला सांगतो, कोसळतं, बरोबर आपल्याच डोक्यावर कोसळतं, आणि कोसळतं तेव्हा शेजारी सासरे उभे असतात! एक शब्द हो... एकच! मोठा नाही, अवघड नाही, शाळेतल्या पहिलीच्या पोराला येतो असला शब्द, आणि त्यापायी एक चांगलं धडधाकट इंजिन बसलं, एक चांगला धडधाकट म्हातारा बसला, आणि मी... माझं सोडा. मी तर कधीचाच खाली बसलोय, मान वर करायची सोय राहिलेली नाही.

आता मी काय काम करतो ते आधी सांगतो. बघा, 'आधी' म्हणायचं तरी हल्ली दोनदा विचार करावा लागतो! तर मी पुस्तिका लिहितो. लिहितो कसला, भाषांतर करतो. तुम्ही नवा मिक्सर आणता, खोक्यात थर्माकोलच्या खाली एक पातळसं पुस्तक असतं, त्याचं तुम्ही काय करता? खरं सांगा, मी रागावणार नाही! ड्रॉवरमध्ये टाकता, नाहीतर डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालता. ते पुस्तक मी लिहिलेलं असतं! 'भांड्याचे झाकण घट्ट बसल्याची खात्री करा.' मीच. 'ओल्या हाताने प्लगला स्पर्श करू नका.' मीच! वीस वर्षं लिहितोय, आणि वीस वर्षांत माझं एक वाक्य कुणी वाचल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही, आणि त्यामुळे मी किती सुखात होतो ते मला आत्ता कळतंय! कारण मग वाचक मिळाला. सबंध आयुष्यात एक वाचक मिळाला... आणि तो सासरा निघाला!

आमचे सासरे वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरले की दुकानदार हातातलं काम टाकून उभा राहायचा. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण अजून कुठलाही तराजू दिसला की मान तिरकी होते. आणि लेखी गोष्टीवर विश्वास म्हणजे काय सांगू! दारावर 'ढकला' असं लिहिलेलं असेल आणि दार ओढूनच उघडत असेल ना, तरी हा माणूस ढकलत उभा राहील, पण ओढणार नाही! 'लिहिलंय ना? मग लिहिणाऱ्याने विचार करून लिहिलं असेल.' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लिहिणाऱ्याने विचार करून! अहो, लिहिणाऱ्याला जवळून बघितलेलं नाही तुम्ही, बाबा... म्हणजे बघितलंय, मुलगी दिलीय, पण लिहिताना नाही बघितलं!

तर ह्यांनी पाच वर्षांपूर्वी गाडी घेतली. छोटीशी, पांढरी. कशाला, तर सासूबाईंना आठवड्यातून तीनदा गुडघ्याच्या व्यायामाला न्यायचं. जायला दोन किलोमीटर, यायला दोन किलोमीटर, मध्ये एक सिग्नल. बाकी रोजची भाजी, बँक, देऊळ, तीही तेवढ्याच अंतरावर. झाला प्रवास! आणि गाडीच्या कप्प्यात पुस्तिका निघाली, ती नेमकी माझी. त्यांचा आनंद काय सांगू! गाडीचा नाही हो, पुस्तकाचा! घरी नेऊन तिला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं, वर टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'मोटारगाडी वापर-पुस्तिका. मराठी भाषांतर : आमचे जावई.' पाहुणे आले की लोक गाडी दाखवतात, हे पुस्तक दाखवायचे! आणि मला म्हणायचे, 'जावईबापू, पान एकेचाळीसवर तुम्ही काच पुसण्याचा दांडा "हलक्या हाताने" उचला म्हटलंय... काय सुंदर म्हटलंय हो!' मी सोफ्यावर बसून 'अहो, त्यात काय एवढं' म्हणायचो आणि आतल्या आत असा फुगायचो, असा फुगायचो की शर्टाची बटणं... जाऊ दे. आता आठवलं तरी लाज वाटते.

आणि मग आलं पान अठ्ठावन्न. इंजिन ऑइल!

आता ऑइलचं मला काय कळतंय हो! पण त्या पानावर मी जितकी मेहनत केली ना, तितकी लग्नाची पत्रिका तपासताना केली नव्हती. मूळ मजकुरात होतं 'सिंथेटिक'. मी लिहिलं 'संश्लेषित वंगण'. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, 'सर, वंगण नको, ते शिवणयंत्राचं वाटतं.' मी म्हटलं, का नको? मराठी शब्द आहे! तो म्हणाला, 'आणि संश्लेषित वाचून लोक गाडी परत करतील.' तीन दिवस भांडलो! तीन दिवस मी त्या माणसाला वंगणाचं महत्त्व पटवत होतो, शेवटी तो कंटाळून म्हणाला, 'सिंथेटिक इंजिन ऑइल लिहा आणि विषय संपवा.' मी लिहिलं. दात-ओठ खात लिहिलं. आणि सगळी हुशारी, सगळा कस त्या सिंथेटिकवर खर्च झाल्यामुळे त्याच्या खालच्या ओळीकडे माझं लक्षच गेलं नाही. खालची ओळ साधी होती. ऑइल कधी बदलायचं? तर दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. जे आधी! म्हणजे वर्ष आधी संपलं तर वर्ष, किलोमीटर आधी भरले तर किलोमीटर. सोपं आहे ना?

मी लिहिलं, 'जे नंतर होईल ते.'

हसू नका! झालं कसं, ऐका तरी. त्याच आठवड्यात टेबलावर दुसरं एक काम होतं, कुठल्याशा पेन्शन योजनेचं माहितीपत्रक. त्यात होतं, 'वय वर्षे साठ किंवा नोकरीची तीस वर्षे, जे नंतर होईल ते.' वाक्य कसं छान गोटीबंद बसलं होतं! मी म्हटलं, पुन्हा कशाला टाइप करा, उचललं तिथून आणि चिकटवलं इथे. एक शब्द हो... एकच! आणि त्या पेन्शनच्या पत्रकात इथून उचलून काय काय चिकटवलंय, ते मी आजतागायत उघडून बघितलेलं नाही. माझी हिंमत नाही.

आता दुसऱ्या कुणाच्या घरात ही चूक गेली असती तर काय बिघडलं असतं? काही नाही! कारण कोण वाचतंय? लोक आपले गाडी गॅरेजमध्ये टाकतात, गॅरेजवाला ऑइल बदलतो, लोक घरी जातात. पण आमच्याकडे वाचक होता ना! गाडी वर्षाला जेमतेम एकोणीसशे किलोमीटर चालणार, म्हणजे दहा हजार व्हायला पाच वर्षं लागणार, आणि लिहिलंय 'जे नंतर होईल ते', म्हणजे पाच वर्षं बदलायचं नाही! सरळ हिशेब! कोपऱ्यावरचे गॅरेजवाले मिस्त्री, भला माणूस, दरवर्षी हवा भरताना विचारायचे, 'साहेब, वर्ष झालं, ऑइल बदलू का?' आणि सासरे हात वर करून म्हणायचे, 'मिस्त्री, सिंथेटिक आहे. पुस्तकात स्पष्ट दिलंय. आणि पुस्तक माझ्या जावयाने लिहिलंय!' तो बिचारा हवा भरून मोकळा! दर रविवारी सासरे इंजिनातली पट्टी बाहेर काढून ऑइलची पातळी बघायचे, पातळी बरोबर. रंग? काळाकुट्ट! पण रंगाबद्दल पुस्तकात काही दिलेलं नाही ना!

आणि गेल्या महिन्यात, नऊ हजार चारशे किलोमीटरवर, व्यायामाहून परत येताना, सिग्नलपाशी, डॅशबोर्डवर तो लाल दिवा लागला. किटलीच्या चित्राचा. इंजिनातून खडखड, खडखड आवाज! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, घर तर आलंच आहे, रेटू. सासऱ्यांनी जागच्या जागी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. कारण? 'पान त्रेसष्ट! लाल दिवा लागल्यास तात्काळ इंजिन बंद करा!' तोंडपाठ! सासूबाई गुडघा धरून फुटपाथवर उभ्या, मागे गाड्यांचे हॉर्न, आणि हे भर रस्त्यात मला फोन करून सांगतायत, 'जावईबापू, तुमच्या पान त्रेसष्टने गाडी वाचवली हो!'

मी धावत गेलो. गाडी ढकलत मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी गाडी वर चढवली, खाली शिरले, बूच काढलं... आणि आम्ही तिघं बघतोय, खाली पातेलं ठेवलेलं, आणि काही पडतच नाही! आता पडेल, मग पडेल... मग एक काळा गोळा हळूच बाहेर डोकावला. तेल नव्हे, गाळ! जुनं डांबर बघितलंय? तसं. मिस्त्रींनी बोटावर घेऊन आम्हाला दाखवलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, 'साहेब, कितीही सिंथेटिक असलं तरी ते तेलच. किलोमीटरने थकतं, तसं नुसतं वर्षांनीही थकतं. त्यात तुमची गाडी दोन किलोमीटर चालते आणि बंद होते. इंजिन धड तापतच नाही. तापलं तर आतलं पाणी, पेट्रोल उडून तरी जातं, तुमच्यात ते तेलातच मुरत बसलं. खालची जाळी तुंबली, वर तेल चढेना. लगेच बंद केलीत म्हणून निभावलं. पण पाच वर्षं? अहो, साधा नियम आहे, किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते.'

सासरे म्हणाले, 'चूक! जे नंतर होईल ते.'

आणि तुम्हाला सांगतो, मी... मी शहाणा... मी पुढे झालो आणि म्हणालो, 'मिस्त्री, तुमची काहीतरी गफलत होतेय. मी स्वतः लिहिलंय ते.' बोलताना तो शब्द माझ्या कानात शिरला. नंतर? नंतर कसं असेल? गाडी नुसती उभी राहिली तर ऑइल कधी बदलायचंच नाही की काय!  पण सासरे जोरात होते. 'मिस्त्री, उद्या सकाळी दहा वाजता पुस्तक घेऊन येतो. पान अठ्ठावन्न. मी पट्टी लावून खाली रेघ मारलीय. समोरासमोर वाचू!' मिस्त्री म्हणाले, 'आणा साहेब.'

घरी आलो तो सरळ कपाट उघडलं. कंपनी प्रत्येक छपाईच्या प्रती पाठवते, मी पाकिटं न फोडताच रचून ठेवतो. पहिली छपाई, पान अठ्ठावन्न : 'जे नंतर होईल ते.' दुसऱ्या छपाईचं पाकीट फोडलं : 'जे आधी होईल ते.' म्हणजे कंपनीत कुणीतरी बघितलं होतं! कुणीतरी मुकाट्याने दुरुस्त केलं होतं, मला एका शब्दाने न बोलता! आणि मग त्या कंपनीचं काम येणं बंद झालं होतं, आणि मी इतकी वर्षं समजत होतो की त्यांनी नवीन गाडी काढली नसेल! रस्त्यावरून ढिगाने जात होत्या हो त्यांच्या नव्या गाड्या, माझ्या डोळ्यांसमोरून!

इथे मी काय करायला हवं होतं? उठून सासऱ्यांकडे जायचं, म्हणायचं, बाबा, चुकलो. दोन शब्द! त्यांनी फार तर काय केलं असतं? पण माझ्या डोळ्यांसमोर आलं उद्या सकाळचं गॅरेज, मिस्त्री, हातात पुस्तक, वर टपोऱ्या अक्षरात 'आमचे जावई'... आणि मला ते सोसवेना. नाहीच सोसवलं. आणि मग मी जे केलं ना, ते आपल्या तोंडाने सांगायला अजून जीभ वळत नाही. तुम्हाला सांगतो. मान खाली घालूनच सांगतो.

दुसऱ्या छपाईची प्रत पिशवीत घातली आणि दुपारी सासरवाडीला गेलो. सासरे झोपले होते. सासूबाई म्हणाल्या, 'बसा, चहा टाकते,' आणि आत गेल्या. मी शोकेस उघडली, पुस्तक काढलं, त्याचं तपकिरी कव्हर सोडवलं, हळूच, हलक्या हाताने, पान एकेचाळीस! नव्या पुस्तकावर चढवलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ... पण नाही! मला आठवलं, त्यांनी रेघ मारलीय. मग त्यांच्याच टेबलावरची पट्टी घेतली, त्यांचीच पेन्सिल घेतली, आणि पान अठ्ठावन्नवर, 'जे आधी होईल ते'च्या खाली, सरळ, सुबक रेघ मारली. वजनमापं निरीक्षकाच्या घरात बसून! सासूबाई कप घेऊन बाहेर आल्या, म्हणाल्या, 'काय करताय?' मी म्हटलं, 'काही नाही, माझंच पुस्तक चाळतोय.' त्या म्हणाल्या, 'दोघांनाही एकच वेड लागलंय बाई.' आणि मी तो चहा प्यालो. पिऊ शकलो! बघा कसला माणूस आहे मी!

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला सासरे इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजमध्ये हजर. मिस्त्री हात पुसत पुढे आले, दोन गिऱ्हाईकं बाकावर बसलेली, तीही सरसावली. सासऱ्यांनी चष्मा लावला, पान उघडलं, बोट ठेवलं, आणि भाषण केल्यासारखं वाचायला लागले, 'सिंथेटिक इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे... आ...'

थांबले.

चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोट त्या रेघेवरून इकडून तिकडे नेलं.  मिस्त्री बिचारे म्हणाले, 'होतं साहेब असं कधी कधी.' सासरे म्हणाले, 'हो. होत असेल.' पुस्तक मिटलं, काखेत मारलं, आणि निघाले. मला वाटलं होतं वाद मिटेल, विषय संपेल! चेहरा तेवढा उतरेल, दोन दिवसांत चढेल! पण तो माणूस रस्त्याच्या कडेने चालताना पहिल्यांदा मला म्हाताऱ्यासारखा दिसला, आणि तो तसा माझ्यामुळे दिसत होता. एक शब्द हो... पण आता तो शब्द राहिला नव्हता, आता ती लबाडी होती.

त्या दिवसापासून घर बदललं. गाडी दुरुस्त होऊन आली, मिस्त्रींनी जीव ओतून काम केलं, नवं ऑइल, नवा फिल्टर, इंजिन कसं मांजरासारखं गुरगुरायला लागलं. सासऱ्यांनी किल्ली घेतली आणि माझ्या बायकोच्या हातात ठेवली. म्हणाले, 'पोरी, ठेव तुझ्याकडे. माझं वाचणं आता भरवशाचं राहिलेलं नाही. आज पुस्तक उलटं वाचलं, उद्या सिग्नल उलटा वाचेन.' सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे, ते बंद. विजेचं बिल आलं तर सासूबाईंपुढे धरायचे, 'तूच बघ.' आकड्यांचा माणूस हो! त्या बिचाऱ्या गुडघा घेऊन घरातच बसल्या. बायको रोज विचारायची, 'बाबांना काय होतंय हो?' आणि मी मूग गिळून बसायचो. रोज ठरवायचो, आज सांगतो. जुनं पुस्तक पिशवीत घेऊनच हिंडत होतो, फेकवेना आणि दाखववेना! एकदा आडून आडून सुरुवात केली, म्हटलं, 'बाबा, छापलेल्यात चूक असू शकते कधी कधी.' तर ते हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'तुम्ही माझी समजूत घालताय, कळतं मला. पण तुमचं लिहिणं बरोबरच होतं, जावईबापू.' सांगा! आता सांगा, तोंड कुठे लपवायचं माणसाने!

शेवटी बायकोने डॉक्टरांची वेळ घेतली. स्मरणशक्तीच्या. आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, गोड बोलणाऱ्या. 'आजोबा, आज वार कुठला?' सांगितला, तारखेसकट. 'शंभरातून सात-सात कमी करत या बरं.' सासरे सुटले! त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... त्या म्हणतायत, बास, बास, हे थांबेनात, 'सोळा, नऊ, आणि बाकी दोन!' मग म्हणाल्या, 'घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं.' ह्यांनी काढलं, आणि म्हणाले, 'तास-काटा अकराच्या किंचित पुढे दाखवलाय, दहा मिनिटं झाली ना.' डॉक्टरीणबाई हसल्या, 'आजोबा, तुम्ही तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहात. तक्रार काय?'

आणि सासरे हळूच म्हणाले, 'डॉक्टर, एक वाक्य मी पाच वर्षं उलटं वाचलं. "आधी"च्या जागी "नंतर". घाईत नाही, पट्टी लावून खाली रेघ मारलीय. रेघ माझीच आहे. म्हणजे रेघ मारतानाही मला उलटंच दिसत होतं. मला भीती वाटते.'

 डॉक्टरीणबाईंचं हसू गेलं. त्यांनी पेन उचललं, 'असं कधीपासून होतंय? एकदा मेंदूचा फोटो काढून घेऊ.' बायकोने माझं मनगट घट्ट धरलं, बघतो तर तिच्या डोळ्यांत पाणी. आणि मी ताडकन उभा राहिलो आणि ओरडलो, 'डॉक्टर, रेघ माझी आहे!'

त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, 'तुम्ही बसा. तुमचं आपण नंतर बघू.'

नंतर! त्यांनाही हाच शब्द मिळाला! मी म्हटलं, नाही, नंतर नाही, आत्ताच, आधी! आणि पिशवीतून जुनं पुस्तक काढून टेबलावर आपटलं, आणि सुरू झालो, वंगण, संश्लेषित, पेन्शन, चिकटवणं, पाकीट, कव्हर, पट्टी, पेन्सिल, चहा, सगळं एका दमात, चहासुद्धा सांगितला! डॉक्टरीणबाईंनी ते पान वाचलं, मोठ्याने : 'जे नंतर होईल ते.' सासऱ्यांनी पुस्तक हातात घेतलं. बघितलं. रेघेवरून बोट फिरवलं, आपली रेघ ओळखली त्यांनी.

मला वाटलं आता हात उचलतील. उचलावा असंच मला वाटत होतं. पण ते उठले आणि सरळ दार उघडून बाहेर गेले, जिथे दहा-बारा पेशंट बसले होते, आणि पुस्तक उंच धरून म्हणाले, 'मी बरोबर वाचलं होतं! माझं डोकं शाबूत आहे! जावई चुकलाय!' आणि ते पेशंट, आपापली दुखणी घेऊन आलेली माणसं, त्यांनी टाळ्या वाजवल्या हो! बायकोने माझं मनगट सोडलं. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि बरोबरच केलं.

टॅक्सीत परत येताना मी आणि ते मागे. पुस्तक त्यांच्या मांडीवर. मग म्हणाले, 'चूक होते, जावईबापू. मी तीस वर्षं कमी भरणारी वजनं पकडली. निम्मे दुकानदार खरंच चुकलेले असायचे, त्यांना समज देऊन सोडायचो. पण मी दारात दिसल्यावर जो वजन बदलून ठेवायचा, त्याला मी कधी सोडलं नाही.'  मग म्हणाले, 'तुमचा एक शब्द वाचवायला तुम्ही मला म्हातारा ठरवलंत हो. मी रोज सकाळी उठून स्वतःला पाढे म्हणून दाखवत होतो, येतात की नाही बघायला.'

मी म्हटलं, 'बाबा, मला लाज वाटली म्हणून केलं. आता त्याचीच जास्त लाज वाटते.' ते म्हणाले, 'वाटू द्या.' बस. एवढंच. आणि घर आल्यावर मुलीपुढे हात केला, 'किल्ली.'

आता गाडी चालवतात, सासूबाईंना व्यायामाला नेतात, येताना मुद्दाम मोठा फेरा मारतात, इंजिन तापावं म्हणून! मिस्त्रींना सांगून ठेवलंय, वर्ष भरलं की ऑइल, मग गाडी फाटकापर्यंत जरी गेलेली नसली तरी ऑइल! आणि मिस्त्रींना, शेजाऱ्यांना, वाण्याला, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना, सगळ्यांना तो किस्सा सांगून झालाय, आवाजासकट. मी गाडीत बसलो तर मला मागे बसवतात. ओळख करून देतात, 'हे आमचे जावई, पुस्तकं लिहितात,' आणि माणूस हसू दाबतो, म्हणजे त्याच्यापर्यंतही पोचलेलं असतं. माझी तक्रार नाही! एक शब्द हो, एकच, पण मीच लिहिलेला!

फक्त रात्रीचा तो फोन... तो मात्र नको वाटतो. त्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक ताकदीची गोळी लिहून दिलीय. जेवणं झाली की रोज बरोबर साडेआठला फोन वाजतो. 'जावईबापू, डबीवर छापलंय, जेवणानंतर घ्या. हे तुमचं भाषांतर नाही ना?' मी म्हणतो, नाही, बाबा. 'नक्की?' नक्की, बाबा. 'मग घेतो.' आणि फोन ठेवतात.